नवऱ्यानं मारलं तर दाद कुणाकडे मागायची, आणि त्यात युनोचा काय संबंध

आमच्या ऑफिसात दर २५ नोव्हेंबरला, म्हणजे बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या युनोच्या दिवशी, मेल येतो, आज सगळ्यांनी नारिंगी काहीतरी घालून या. मग नारिंगी ओढण्या, नारिंगी टीशर्ट, एक ग्रुप फोटो, सामोसे आणि साडेअकराला सगळे परत आपापल्या जागेवर. गेल्या वर्षी अकाउंट्समधल्या काकांनी विचारलं, "नवरात्रात हा रंग राहून गेला होता काय?" सगळे हसले, पण खरं सांगायचं तर पंचवीसच तारीख का हे तिथं कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. नंतर वाचत गेले. या विषयावरचं इंग्रजी फार जड असतं, ठराव, अनुच्छेद, शिफारस क्रमांक अमुक, अर्ध्या पानात झोप येते. म्हणून मला जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितेय.

आधी तारीख. डॉमिनिकन रिपब्लिक नावाचा छोटासा देश आहे, कॅरिबियन समुद्रात. तिथं ट्रुहिलो नावाचा हुकूमशहा तीस वर्षं बसला होता, आणि मिराबाल बहिणी, पात्रिया, मिनेर्व्हा आणि मारिया तेरेसा, या त्याच्याविरुद्ध गुप्त चळवळीत होत्या, चळवळीत त्यांचं टोपणनाव होतं फुलपाखरं. २५ नोव्हेंबर १९६० ला तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परत येताना वाटेत त्यांची जीप अडवली, तिघींना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकलं आणि मग जीप दरीत ढकलून दिली, म्हणजे अपघात वाटावा. कुणालाच अपघात वाटला नाही. सहा महिन्यांनी ट्रुहिलोचाच खून झाला. चौथी बहीण देदे वाचली, ती २०१४ पर्यंत जगली, बहिणींची पोरं तिनं वाढवली. १९८१ मध्ये बोगोटाला लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी बायका जमल्या तेव्हा त्यांनी ही तारीख धरली आणि युनोनं ती मान्य केली १९९९ ला. मध्ये अठरा वर्षं गेली. हे लक्षात ठेवा, कारण या विषयात हे असंच चालतं, बायका आधी करतात आणि युनोचा शिक्का मागून येतो.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे म्हण आहे ना, नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची. ही म्हण म्हणजे जगभरातल्या कायद्याची जुनी समजूतच आहे, फक्त मराठीत. मानवी हक्क म्हणजे काय, तर सरकारनं माणसाला छळायचं नाही. पोलिसानं कोठडीत मारलं तर तो छळ, त्यावर आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यावर जिनिव्हात युनोपुढे बोंब मारता येते. तेच मारणं स्वयंपाकघरात झालं, लाटण्यानं झालं, पट्ट्यानं झालं, तर ती घरातली भानगड. नवरा काही सरकार नाही, मग सरकार कसं जबाबदार? पाऊस पडतो तसाच नवरा मारतो, कुणाचा दोष नाही.

हे उलटवायला एक फट सापडली ती भलत्याच केसमध्ये. होंडुरासमध्ये एक विद्यार्थी गायब झाला होता, त्या केसमध्ये अमेरिका खंडाच्या मानवी हक्क कोर्टानं १९८८ ला म्हटलं की गुन्हा नेमका कुणी केला हे कळलं नाही, किंवा करणारा खासगी माणूस असला, तरी सरकार सुटत नाही. ते टाळायला, शोधायला आणि शिक्षा करायला सरकारनं नीट हातपाय हलवले का, हे बघितलं जाईल. कायद्याच्या भाषेत याला ड्यू डिलिजन्स म्हणतात, मी त्याला "हातपाय हलवले का" असंच म्हणते. केसमध्ये बाई नव्हती, नवरा नव्हता, पण बायकांच्या संघटनांनी ते वाक्य बरोब्बर उचललं. नवरा मारतो हा नवऱ्याचा गुन्हा, पण बाई चार वेळा चौकीत आली आणि चारही वेळा तिला परत पाठवली, तर तो सरकारचा गुन्हा. झालं, दाद मागायला पत्ता मिळाला.

सीडॉ हे नाव तुम्ही ऐकलं असेल, बायकांवरचा भेदभाव संपवण्याचा करार, १९७९ चा. गंमत म्हणजे त्या अख्ख्या करारात बायकांना होणाऱ्या मारहाणीचं कलमच नाही. शिक्षण आहे, नोकरी आहे, मतदान आहे, हिंसा नाही. मग कराराची जी समिती असते तिनं आधी १९८९ ला आणि नीट तपशिलात १९९२ ला सांगितलं की बाबांनो, हिंसा हाही भेदभावच. १९९३ ला व्हिएन्नात मानवी हक्कांची मोठी परिषद झाली, तिथं जगभरातून बायका आल्या आणि आपल्या अंगावर काय झालं ते सांगितलं, त्याच वर्षी डिसेंबरात युनोचा वेगळा जाहीरनामा आला, मग ९५ ला बीजिंगची जागतिक महिला परिषद. आपण सीडॉ मान्य केला १९९३ मध्ये. अमेरिकेनं सही केली पण मान्य आजतागायत केला नाही, आणि इराणनं तर सहीही केलेली नाही, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं इथं एका बाकावर.

इतकं वाचून कुणीही म्हणेल की हे सगळे कागद झाले. मलाही तेच वाटायचं. ब्राझीलची गोष्ट वाचली तेव्हा मत बदललं.

मारिया दा पेन्या, फोर्तालेझा शहरातली फार्मसिस्ट, तीन मुलींची आई. १९८३ ला झोपेत असताना नवऱ्यानं पाठीत गोळी घातली आणि पोलिसांना सांगितलं चोर आले होते. ती वाचली पण कमरेखालचं शरीर गेलं. महिनोन्‌महिने हॉस्पिटलात काढून घरी आली, कुठं जाणार, तेच घर, तर त्यानं अंघोळीच्या वेळी शॉक देऊन मारायचा प्रयत्न केला. आता तुम्ही म्हणाल लगेच जेल. खटला उभा राहायला आठ वर्षं, १९९१ ला दोषी ठरला, अपील, ९६ ला परत दोषी, परत अपील, आणि हा माणूस बाहेरच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, तारीख पे तारीख आपल्या पाठच्या बहिणीसारखी आहे. १९९८ ला तिनं दोन संघटनांना सोबत घेऊन थेट अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, नवऱ्याविरुद्ध नाही हां, ब्राझील सरकारविरुद्ध. आधार काय, तर १९९४ चा एक करार, बायकांवरची हिंसा रोखण्याचा, जो झाला होता ब्राझीलच्याच बेलेम दो पारा शहरात आणि त्याच नावानं ओळखला जातो. स्वतःच्या अंगणात केलेला करार. आयोगानं पत्रं पाठवली, ब्राझीलनं उत्तरच दिलं नाही. २००१ ला आयोगानं सरळ लिहिलं, दोष सरकारचा, हातपाय हलवले नाहीत.

आयोगाकडे पोलीस नाहीत, फौज नाही, तो फक्त लिहू शकतो. पण लाज नावाची चीज असते, आणि देशातल्या बायकांच्या हातात आता बाहेरचा निकाल होता, तो घेऊन त्या मंत्रालयांत गेल्या, संसदेत गेल्या. नवरा २००२ ला आत गेला, या गुन्ह्याला शिक्षा देण्याची कायदेशीर मुदत संपायला थोडेच महिने उरले असताना. आणि ७ ऑगस्ट २००६ ला कायदा आला, लोक त्याला तिच्याच नावानं ओळखतात. वेगळी कोर्टं, आणि बाईनं संरक्षण मागितलं की न्यायाधीशानं ४८ तासांत ठरवायचं. पण मला त्यातलं एक छोटं कलम फार आवडलं. त्याआधी अशा केसेस किरकोळ गुन्ह्यांच्या कोर्टात जायच्या आणि शिक्षा काय व्हायची, तर एखाद्या संस्थेला धान्याची पिशवी दान करायची. बायकोचं नाक फोडलं, तांदूळ-डाळ-तेल द्या नि घरी जा. नव्या कायद्यात ही पिशवीची शिक्षा नाव घेऊन बंद केली.

असंच तुर्कीचं. दियारबाकीरमधली एक बाई आणि तिची आई, नवरा वर्षानुवर्षं दोघींना मारतोय, एकदा अंगावर गाडी घातली, एकदा बायकोला सात वेळा भोसकलं. सात वारांची शिक्षा, दंड, तोही आठ हप्त्यांत, फ्रीज घेतल्यासारखा. दोघी तक्रार करायच्या आणि काही दिवसांनी मागे घ्यायच्या, मग सरकारी वकील म्हणायचे तक्रार नाही तर केस नाही. २००२ मध्ये सामान ट्रकमध्ये भरून गाव सोडून निघताना आईला त्यानं गोळी घातली. २००९ ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं तुर्कीला दोषी धरलं, निकालात मारियाच्या केसचाही हवाला आहे. आणि एक गोष्ट सांगितली जी आपल्या प्रत्येक चौकीत फ्रेम करून लावली पाहिजे: बाईनं तक्रार मागे घेतली म्हणजे विषय संपला असं नाही, ती का मागे घेतेय हे बघणं तुमचं काम आहे. धमकीमुळे मागे घेतली असेल तर तो मारहाणीचाच पुढचा भाग झाला की.

त्यानंतर युरोपनं २०११ ला इस्तंबूलमध्ये बायकांवरच्या हिंसेविरुद्ध करार केला, पहिली मान्यता तुर्कीचीच, आणि २०२१ ला त्याच तुर्कीच्या अध्यक्षांनी एका रात्रीत आदेश काढून देश बाहेर काढला. शहराचं नाव करारावर राहिलं आणि देश गेला. हेही होतं.

आपल्याकडे काय? भंवरी देवी. राजस्थानातलं भटेरी गाव, ती कुंभार समाजातली, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे आपल्या आशाताईंसारखं तुटपुंज्या मानधनाचं काम. तिनं गावातल्या वरच्या जातीच्या घरातलं नऊ महिन्यांच्या बाळाचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. सप्टेंबर १९९२ मध्ये त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ ला खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण संघटनांनी वेगळा प्रश्न घेऊन सुप्रीम कोर्ट गाठलं, ही बाई ड्यूटीवरचं काम करत होती ना, मग कामाच्या ठिकाणी बाईची सुरक्षा बघायची कुणी? तेव्हा देशात असा कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ ला सरन्यायाधीश वर्मांच्या बेंचनं म्हटलं की देशात कायदा नाही, पण सीडॉ आपण मान्य केलाय, आणि आपल्या राज्यघटनेशी त्याचा झगडा नसेल तर तो करार वाचून आम्ही नियम घालून देतो. तीच विशाखा गाइडलाइन्स. सोळा वर्षं त्यावर काम चाललं, २०१३ ला पॉशचा, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. म्हणजे ऑफिसात नारिंगी ओढणीचा मेल पाठवणाऱ्या एचआरची जी कमिटी आहे ना, ती भटेरीच्या त्या बाईमुळे आहे. तिच्या स्वतःच्या केसमध्ये तिला काय मिळालं ते विचारू नका.

आता सगळं युनोमुळेच झालं असंही समजू नका. मथुरा खटला आपल्याच महाराष्ट्रातला, १९७२, देसाईगंजची पोलीस चौकी, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मथुरा ही आदिवासी मुलगी, बलात्काराचे आरोपी पोलीस, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टानं सोडलं, का, तर अंगावर जखमा नाहीत म्हणजे विरोध केला नाही. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, मुंबईपासून दिल्लीपर्यंत बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. तेव्हा आपण सीडॉ मान्यही केला नव्हता. माझं म्हणणं एवढंच की बाहेरचा कागद हा पहारीसारखा असतो, दगड हलतो त्यानं, पण पहार धरायला गावातले हात लागतात.

तर आता घरातल्या मारहाणीवरचा आपला २००५ चा कायदा, लोक ज्याला नुसतं डीव्ही म्हणतात. याच्या विधेयकाला जोडलेल्या उद्देशांच्या पानावर व्हिएन्ना, बीजिंग आणि सीडॉची १९८९ ची शिफारस यांची नावं चक्क छापलेली आहेत (व्हिएन्नाचं साल १९९४ छापलंय, परिषद झाली ९३ ला, पण सोडा). ४९८ आणि डीव्ही यात लोकांची फार गल्लत होते. ४९८ अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, ते म्हणजे बायकोला छळणाऱ्या नवऱ्याला नि सासरच्यांना शिक्षा. डीव्ही म्हणजे बाईला छप्पर. त्यात आधी तुरुंग येतच नाही, आधी येतो आदेश: मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, स्त्रीधन परत करायचं, मुलं तात्पुरती तिच्याकडे. तो संरक्षणाचा आदेश मोडला की मग गुन्हा, वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जामीन हक्कानं मिळत नाही. हे फक्त बायकोसाठी नाही, आई, बहीण, लग्नासारखं नातं असलेली जोडीदार, सगळ्यांना लागू. आणि एक भोक मोठं राहिलंय ते सांगायलाच हवं, नवऱ्यानं केलेली लैंगिक जबरदस्ती या कायद्यात हिंसा आहे, पण फौजदारीत बायको अठराच्या वर असेल तर तो अजूनही बलात्कार धरत नाहीत.

हे मला पाठ आहे कारण माझ्या एका जुन्या शेजारणीसोबत मी हे सगळे जिने चढलेय. ती आधी दोनदा चौकीत गेली होती, दोन्ही वेळा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद घेतली आणि घरचं आहे मिटवून घ्या म्हणाले. मग कुणीतरी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा म्हणून सांगितलं. हा अधिकारी म्हणजे कायदा आणि बाई यांच्यातला पूल, पण आम्हाला भेटलेल्या मॅडमकडे त्याच खुर्चीत आणखी दोन योजनांचा चार्ज होता, टेबलावर फायलींचा गठ्ठा, तरी त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि फॉर्म काढला. डीआयआर म्हणतात त्याला, घरगुती घटनेचा अहवाल. त्यात टिक करायची खूण असते, अंगाला झालेली इजा, मग खाली मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, हुंड्यावरून अपमान, नोकरी करू न देणं, घरखर्चाला पैसे न देणं. शेजारीण टिक करता करता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पैसे न देणं पण मारहाणीत येतं?" मॅडम म्हणाल्या, "मारहाणीत नाही हो ताई, हिंसेत येतं." ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती. स्त्रीधनाची यादी तिनं मुलाच्या वहीच्या पानावर लिहून आणली होती, पाटल्या दोन, मंगळसूत्र, गोदरेजचं कपाट, मिक्सर, आणि शेवटी शिलाई मशीन, त्याच्याखाली दोन रेघा.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. आम्हाला तात्पुरता आदेश मिळायलाच पाच महिने लागले. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचा वकील जोरात होता की सुनेचा इथं हक्कच नाही. हे म्हणणं पूर्वी चालायचं, २००६ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालामुळे, पण ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच कोर्टानं ते चूक ठरवलं, बाई जिथं संसार करत राहत होती ते घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क लागू होऊ शकतो. मालकी नाही हां, राहणं. आमच्या वकीलबाईंनी तोच निकाल पुढं केला.

पण शेजारीण इथपर्यंत पोचली हेच मोठं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी देशात २९.३ टक्के आणि महाराष्ट्रात २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी देशात मदत मागणाऱ्या निघाल्या फक्त १४ टक्के. बाकीच्या कुठं जातात? दवाखान्यात, जिन्यावरून पडले म्हणून. हे ओळखूनच २००० च्या सुमारास मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत संस्थेनं दिलासा केंद्र काढलं, हाड बसवायला आलेल्या बाईला तिथंच शांतपणे विचारायचं, नक्की काय झालं. त्याच्याही आधी १९८४ पासून टाटा इन्स्टिट्यूटच्या समाजसेविका मुंबई पोलिसांच्या आवारात स्पेशल सेलमध्ये बसू लागल्या, कारण चौकीची पायरी चढलेल्या बाईशी खाकी नसलेलं कुणीतरी बोलायला हवं.

आणि मारणाऱ्यांचं काय, त्यांना कुणी बदलतं का? युगांडात कंपालामध्ये सासा नावाचं काम झालं, स्वाहिलीत सासा म्हणजे आत्ता. वस्तीतल्याच बायाबाप्यांना तयार करायचं आणि त्यांनी पारावर, दुकानात, दारात गप्पा काढायच्या, त्याही हिंसेवर नाही, सत्तेवर, म्हणजे तुझ्यावर कोण जोर करतं आणि तू कुणावर करतोस. काही वर्षांनी तुलना केली तर जिथं हे झालं त्या वस्त्यांत जोडीदाराची मारहाण बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्मी निघाली. वस्त्या एकूण आठच होत्या म्हणून या आकड्याला फार घट्ट धरत नाही मी, पण दिशा कळते.

आमच्या शेजारणीचा आदेश आला त्या दिवशी पाऊस होता. कॉन्स्टेबलताई सोबत आल्या, सासूनं कुलूप काढलं, ही आत गेली आणि आधी शिलाई मशीन आहे का ते बघितलं, होतं, वर जुन्या चादरींचं गाठोडं ठेवलेलं. आदेशाची प्रत कोर्टानं फुकट द्यायची असते, कलम २४, ती मिळाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट केली. त्यानं मात्र तीस रुपये घेतले.